हेदवाडीच्या नाळेतलं लाल शैवाल

आम्ही शेवाळ शोधायला निघालो होतो. लोक डोंगरात गड चढायला जातात, मध काढायला जातात, चुकलेली गाय शोधायला जातात. आम्ही मुरबाडच्या डोंगरात शेवाळ शोधायला चाललो होतो, आणि ते मिळालं नसतं तर माझ्या बायकोचं शेवटचं काम चुकीचं म्हणून फायलीत पडून राहणार होतं.

माझी बायको मेघा शहापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. मी किशोर. भातसा धरणावर पाण्याची पातळी मोजायचो, आता निवृत्त आहे. मेघा आषाढात गेली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. जेवायला बसलो की दोन घास खाऊन उठायचो. भातसानगरच्या वसाहतीत फेऱ्या मारायचो. शेजारचा हरेश एकदा म्हणाला, "किशोरभाऊ, रस्ता झिजेल हो." मी हसलो आणि पुन्हा वळून चालायला लागलो.

मेघाचं काम लाल शैवालावर होतं. ही वनस्पती बहुतेक समुद्रात असते. पण तिच्यातल्या थोड्या जाती गोड्या पाण्यात राहतात. पाणी थंड लागतं, स्वच्छ लागतं, वाहतं लागतं आणि वर सावली लागते. नाव लाल असलं तरी बघायला ती लाल नसते. हिरवट तपकिरी दिसते, हाताला बेडकाच्या अंड्यांसारखी बुळबुळीत लागते. भिंगातून बघितली तर दोऱ्यात मणी ओवल्यासारखी. पावसाळा संपला की थंडीत थोडे दिवस दिसते आणि ओहळ आटायला लागला की नाहीशी होते.

हेदवाडीच्या ओहळात मेघाला एका दगडावर अशी वनस्पती मिळाली. तिने एक झुबका सुकवून जनुकं वाचायला प्रयोगशाळेत पाठवला. दुसरा झुबका फॉर्मॅलिनमध्ये ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याचं चित्र काढलं. फॉर्मॅलिनमध्ये आकार टिकतो, पण जनुकं खराब होतात. जनुकांवरून ही जात जगात कुठेच नोंदलेली नव्हती. चित्रावरून ती सगळीकडे मिळणारी, ओळखीची जात होती. तपासणाऱ्यांनी तिचा लेख परत पाठवला. जनुकं आणि शरीर एकाच वनस्पतीचं आहे हे आधी दाखवा, असं त्यांचं म्हणणं. मेघाला ते पटलं नाही. एकाच दगडावरचे दोन झुबके, ते वेगळे कसे असतील? थंडीत परत जाऊन आणू, म्हणाली. थंडी यायच्या आत ती गेली.

म्हणून मी निघालो. बरोबर योगिनी होती. ती मेघाची विद्यार्थिनी, आता मुरबाडला शिकवते. वनखात्याची परवानगी तिनेच काढली. टोकावड्याच्या नाक्यावर ती पाठीवर पिशवी घेऊन उभी होती.

"काका, नाश्ता केलात?"

"केला."

"खोटं."

"चल, ऊन चढेल," मी म्हणालो आणि मोटरसायकल बंदच केली नाही.

हेदवाडी डोंगराच्या अगदी पायथ्याला आहे. घरांच्या मागून सह्याद्रीची भिंत सरळ वर जाते. काळूरामच्या अंगणात आम्ही थांबलो. काळूराम माझ्या वयाचा, अंगाने दणकट. मेघा इथे आली की त्याच्याकडेच उतरायची. त्याची बायको गीताबाई हातावरचा भाताचा पेंढा झाडत बाहेर आली, आणि माझ्या पाठीमागे रस्त्याकडे बघायला लागली.

"शेवाळवाली बाय नाय आली?"

त्यांना कळलंच नव्हतं. मी वाटेत ठरवलं होतं की आधी सांगायचं, पण ती आधी विचारेल हे ध्यानात आलं नव्हतं.

"ती गेली. आषाढात."

 गीताबाई आत गेली, चहा टाकला, बाहेर येऊन घोंगडी अंथरली. "बसा," म्हणाली.

"नको. निघायचंय."

"चा तरी बसून घ्या."

मी उभ्यानेच घेतला. तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी स्टीलच्या डब्यात भरून काळूरामच्या हातात दिली. काळूरामने दोर खांद्यावर टाकला, कोयता कमरेला लावला.

"शेवाळ हुडकाया इतकं लांब," तो म्हणाला. "आमच्या हौदात या. फुकट न्या. गोणी भरून न्या."

"ते हिरवं, काळूदादा," योगिनी म्हणाली. "आम्हाला लाल पाहिजे."

"लाल शेवाळ मी जन्मात नाय बघितला."

"बघितलंय तुम्ही. ते लाल दिसत नाही."

काळूरामने माझ्याकडे बघितलं. "भाऊ, ही बाय शिकलेली हाय ना नक्की?"

ओहळापर्यंत वाट सोपी होती. पण ओहळ दिसला आणि योगिनी मधेच थांबली. समोर बंधारा होता. खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून, तोंडं शिवून, थरावर थर रचलेले. मधे प्लास्टिकचा कागद. मागे पाणी लांबवर तुंबलेलं. दोन्ही काठांना वालाचे वेल हिरवेगार होते.

काम चांगलं होतं. एका थराच्या सांध्यावर दुसऱ्या थराचा सांधा येऊ दिला नव्हता. पायथ्याला गोण्या जास्त घातल्या होत्या.

"कसा हाय?" काळूरामने विचारलं. "तुमी धरणावरले. सांगा."

"गळत नाही."

"नायच गळनार. दिवाळीनंतर आख्खी वाडी राबली. पुढल्या साली सिमेंटचा व्हनार, मंजूर झालाय."

योगिनी काठावर उकिडवी बसून पाण्यात बघत होती. तिथून बरंच आत, एक उंबर पाण्यावर झुकला होता. मेघाच्या फोटोंत तो उंबर मी पाहिला होता. फोटोत त्याच्या मुळांखालून पाणी खळखळत होतं.

"मॅडमचा दगड याच्या तळाला आहे, काका," योगिनी म्हणाली. "पाणी उभं राहिलंय. दगडावर गाळ बसला असणार. त्याला वाहतं पाणी लागतं. तिथलं ते मेलं."

मी बंधाऱ्याकडे बघितलं. वरच्या थरातली मधली गोणी सैल करायला फार वेळ लागला नसता.

"दोन गोण्या काढल्या तर?" मी काळूरामला विचारलं. "पाणी थोडं उतरेल. दगड बघतो आणि परत लावतो. मी स्वतः लावतो."

काळूरामने कोयत्याच्या मुठीवर हात ठेवून वालाकडे बघितलं. "सगळ्यांनी पेरलाय, भाऊ. एकदा गोणी हालली की परत तशी बसत नाय. तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

आम्ही काठाने वर चालत गेलो. तुंबलेलं पाणी जिथे संपत होतं तिथे ओहळ पुन्हा वाहता झाला होता. जांभळीची गर्द सावली होती. पाण्यातून मोठे सपाट दगड वर आले होते आणि पलीकडे जायला त्यांच्यावरूनच जावं लागणार होतं. मी पुढे झालो. पायात रबरी बूट होते.

धरणाच्या पोटात ओल्या पायऱ्या असतात. तिथे उतरताना आमची एक पद्धत होती. पुढच्याने टाचेने पायरी घासायची आणि मागच्याने घासलेल्या जागीच पाय ठेवायचा. आयुष्यभर मी तसाच उतरलो. ओला दगड दिसला की माझी टाच आपोआप फिरते. मागे योगिनी होती. मी पहिला दगड घासला, दुसरा घासला, तिसऱ्यावर टाच फिरवली.

"काका! पाय उचला! पाय!"

मी पाय उचलला. बुटाखालून तपकिरी धागे सुटून पाण्यात लांब झाले आणि प्रवाहाबरोबर खाली चालले. योगिनी गुडघाभर पाण्यात उतरली. दोन्ही हातांनी पाणी उपसायला लागली. धागे तिच्या बोटांमधून निसटले आणि तुंबलेल्या पाण्यात दिसेनासे झाले. हातात चिमूटभर लगदा उरला. तिने तो तळहातावर पसरून भिंगाखाली धरला.

"तेच होतं," ती म्हणाली. "लाल शैवालच होतं. पण यात काहीच शाबूत नाही. माती, दुसरं शेवाळ, सगळं एकत्र झालंय."

मी बाकीचे दगड बघितले. दोन मी घासले होते. पलीकडच्यांवर नुसतं हिरवं होतं.

"तू मागे होतीस, म्हणून..."

"मला माहितीये, काका."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी पाण्यात उभा होतो आणि मला पलीकडेही जाता येत नव्हतं, मागेही येता येत नव्हतं. मेघाला हवी असलेली वस्तू माझ्याच टाचेखाली आली होती.

काळूराम काठावर बसून माझे बूट बघत होता. "आमच्याकडं हौद घासाया बायांच्या मागं लागावं लागतं," तो म्हणाला. "तुमी तर जंगल घासत चाललाय."

कुणी हसलं नाही. मग योगिनी हसली. ओल्या हाताने डोळे पुसत हसली.

मी वर बघितलं. ओहळ झाडीतून येत होता आणि झाडीच्या मागे डोंगराला एक उभी चीर होती.

"हे इथे कुठून आलं?" मी विचारलं. "हे वर पोहत जात नाही ना?"

"नाही. बीजाणू पाण्याबरोबर खाली येतात."

"मग वर असणार."

"वर ती चीर हाय ना, ती नाळ," काळूराम म्हणाला. "पानी झिरपतं बाराही महिने. पन तिकडं कुनी जात नाय. आगीमोहळं हायत. मी जवान व्हतो तवा मधासाठी गेलो व्हतो. तवा अक्कल नव्हती."

"आता आहे?"

"आता बायको हाय," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता उठला आणि दोर पुन्हा खांद्यावर घेतला. "चला. पन मी सांगीन तसं चालायचं."

नाळेचं तोंड गाठेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. आत मात्र थंडी. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ होते की वर आभाळाची पट्टीच दिसत होती. तळाला टेंपोएवढे धोंडे कोसळून पडले होते आणि त्यांच्या खालून पाण्याचा आवाज येत होता. आम्ही धोंड्यांवर चढत होतो, उतरत होतो, मधल्या फटीतून अंग काढत होतो. योगिनीने दोनदा बसायला सांगितलं. मी दोन्ही वेळा पुढे गेलो. थांबलं की पायात मुंग्या आल्यासारखं व्हायचं.

मग काळूरामने हात वर केला. तोंडातली न पेटवलेली विडीसुद्धा त्याने खिशात टाकली. डाव्या कड्याच्या छपराखाली मोहोळं लटकत होती. काळी, ताडपत्रीचे तुकडे टांगावेत तशी. एक, त्याच्या पलीकडे आणखी, मग मोजावंसं वाटलं नाही.

"फोन बंद," तो पुटपुटला. "बोलायचं नाय. खोकायचं नाय. एकामागं एक."

तो गेला. योगिनी गेली. मी निघालो. मला ते लवकर पार करायचं होतं आणि तीच चूक झाली. पायाखालचा दगड निसटला. तो खालच्या धोंड्यावर आपटला, तिथून आणखी खाली, आणि आवाज दोन्ही कड्यांवर घुमत राहिला.

मोहोळावरच्या माश्यांतून एक लाट गेली. खालून वर. चमकली आणि विझली. पुन्हा चमकली. गुणगुण वाढली.

"हालू नका," काळूराम ओठांनीच म्हणाला.

मी उभा राहिलो. एक पाय वरच्या धोंड्यावर, एक खाली. एक माशी माझ्या मनगटावर बसली. चालत कोपरापर्यंत आली.  आषाढापासून मी कुठेही इतका वेळ एका जागी थांबलो नव्हतो. थांबलं की मला दवाखान्यातली ती खोली दिसायची. तिथेही दिसली. पलंग, खिडकी, मेघाचा चष्मा. मला पळायचं होतं आणि पळालो असतो तर तिघंही मेलो असतो. म्हणून मी ती खोली बघत राहिलो. माशी कोपरावरून उडाली. गुणगुण हळूहळू खाली आली. काळूरामने बोट हलवलं. मी पाऊल उचललं.

मोहोळं बरीच मागे पडल्यावर काळूरामने खिशातली विडी काढून पेटवली.

पुढे नाळ बंद झाली. दोन कड्यांच्या मधे एक प्रचंड धोंडा अडकला होता आणि त्याच्या बगलेतून पाणी पडत होतं. काळूराम कपारीत बोटं घालून वर गेला, दोर खाली सोडला. आम्ही दोराला धरून चढलो. वर पोहोचलो आणि योगिनीने माझा दंड पकडला.

वर कातळाचं एक कुंड होतं. ऊन तिथे पोहोचत नव्हतं. पलीकडच्या भिंतीवरून पाणी पातळ पदरासारखं उतरत होतं, तिरक्या कातळावरून वाहत होतं आणि काठावरून खाली पडत होतं. त्या पदराच्या पलीकडच्या टोकाला, अगदी कड्याच्या ओठावर, काहीतरी हलत होतं. तपकिरी. केसांसारखं.

"ते आहे," योगिनी म्हणाली. "काका, ते आहे."

तिथे जायला तिरका कातळ ओलांडायला हवा होता. तो पूर्ण ओला होता. त्यावर कोवळ्या लवेसारखा तपकिरी थर पसरलेला. योगिनीने वाकून भिंग लावलं.

"हा थरसुद्धा लाल शैवालाचाच असेल. त्याची लहान अवस्था. उन्हाळाभर ते असं दगडाला चिकटून राहतं आणि थंडीत यातूनच झुबके फुटतात. यावर पाय घासायचा नाही. मी जाते."

"तू पडलीस तर ते ओळखणार कोण? मी जातो."

"तुमचं वय..."

"काळूराम दोर धरेल. त्याच्या अंगात जोर आहे. तू इथून सांग."

काळूरामने दोर माझ्या कमरेला बांधला, स्वतः एका धोंड्याला पाय लावून बसला. मी बूट काढले. योगिनीने आपली छोटी पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. तिच्यात फॉर्मॅलिनची काचेची बाटली होती, शरीर टिकवायला. सिलिकाच्या दाण्यांची प्लास्टिकची नळी होती, जनुकांसाठी. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी असते, तेच दाणे. चिमटा होता. एक रिकामी डबी होती.

मी कातळावर पाय ठेवला. टाच फिरायला आली. मी ती दाबून धरली.

बोटं रुतवायची आणि वजन हळू टाकायचं. पाय सरकतो आहे असं वाटलं तरी घासायचं नाही. पाणी बर्फासारखं होतं. एक पाऊल. मग दुसरं. कड्याचा ओठ डाव्या हाताला आला. खाली बघितलं नाही.

झुबके तीन होते. मी गुडघ्यावर बसलो. जवळून ते सुंदर वगैरे काही दिसत नव्हते. गटारात अडकलेल्या केसांसारखे दिसत होते. मी एका झुबक्याच्या मुळाशी चिमटा लावला. तो सुटला. डबीत पाणी घेऊन त्यात ठेवला. झाकण लावलं.

मग दुसऱ्याकडे हात गेला. सगळे घ्यावेत. एवढं चढून आलो. मेघासाठी आलो. पुन्हा कोण येणार इथे?

"एक पुरे, काका!" योगिनी मागून म्हणाली. "बाकीचे राहू द्या. त्यांच्यापासूनच पुढच्या वर्षी नवे यायचेत."

मी हात मागे घेतला. आणि उठताना पाय गेला!

कातळ वर गेला. आभाळ आलं. पोटात दोर रुतला. मी ओठावरून खाली लोंबत होतो. खांदा कड्यावर आपटला. पिशवी आपटली. काच फुटल्याचा आवाज आला. पाणी तोंडावर पडत होतं. श्वास मिळेना. डबी! डबी हातात होती. मी ती छातीशी धरली आणि एका हाताने दोर पकडला.

"पाय लाव! भिताडाला पाय लाव!" काळूराम ओरडला. आतापर्यंत तो मला अहो-जाहो करत होता.

मी पाय लावला. दोर थोडा वर सरकला. थांबला. पुन्हा सरकला. काळूरामच्या तोंडून शिव्या येत होत्या, कुणाला ते कळत नव्हतं. मग योगिनीचा हात माझ्या कॉलरला लागला आणि मी कुंडाच्या काठावर पोटावर पडलो.

"डबी," मी म्हणालो.

"मेली डबी," काळूराम म्हणाला. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती.

डबी शाबूत होती. फॉर्मॅलिनची बाटली पिशवीतच फुटली होती. तिखट वासाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. योगिनीने रुमालात हात गुंडाळून काचा कागदात बांधल्या, ओली पिशवी प्लास्टिकमध्ये घट्ट बंद केली आणि पाण्यापासून लांब ठेवली. सिलिकाची नळी तिने पुसून घेतली. तिचं झाकण घट्ट होतं. मग तिने डबी उचलून उजेडात धरली.

"आता जनुकं मिळतील, पण शरीर नाही?" मी विचारलं. पुन्हा तेच अर्धं काम.

"थांबा. मला विचार करू द्या." तिने पाठीवरच्या पिशवीतून घडीचा सूक्ष्मदर्शक काढला. "आपण हे जिवंतच बघू. इथेच. यातला एक धागा काचेवर घेऊ, फोटो काढू आणि तोच धागा सिलिकात टाकू. तोच. मग दोन झुबक्यांचा प्रश्नच येणार नाही. बाकीचा झुबका कागदावर. ताट पाहिजे काहीतरी."

काळूरामने भाकरीच्या डब्याचं झाकण पुढे केलं. "सुकटीचा वास येईल तुमच्या लाल शेवाळाला."

"तीनदा धुवा."

योगिनी पालथी पडून सूक्ष्मदर्शकात बघत होती. मी खांदा धरून बाजूला फेऱ्या मारत होतो. चार पावलं तिकडे, चार इकडे. तिने फोन लावून फोटो काढले. मग काच सरकवून पुन्हा पुन्हा बघायला लागली.

"काय झालं?"

"मादीचा अवयव एका छोट्या फांदीवर असतो. त्या फांदीवरून जात ओळखतात. मॅडमच्या चित्रात ती फांदी सरळ आहे." ती उठून बसली. "इथे ती वळलेली आहे. स्प्रिंगसारखी. सगळीकडे तशीच."

"म्हणजे हे ते नव्हे?"

"हे नवं असू शकतं. जनुकं हेच म्हणत होती. पण मग मॅडमनी चित्र दुसऱ्याच झुबक्याचं काढलं. त्या दगडावर दोन जाती होत्या, शेजारी शेजारी."

"मेघा अशी चूक करणार नाही," मी म्हणालो. आवाज चढला होता. "ती रात्र रात्र बघत बसायची. डोळे सुजायचे तिचे."

"चित्र अचूक आहे, काका. वनस्पती दुसरी होती."

काळूराम झाकण धूत होता. "म्हंजे बाय चुकली?"

योगिनीने सूक्ष्मदर्शकात आणखी एकदा बघितलं.

"अर्धी," शेवटी योगिनी म्हणाली.

"मंग अर्धी बराबर," काळूराम म्हणाला आणि झाकण पाण्याने भरून माझ्यापुढे ठेवलं.

योगिनीने तो धागा काचेवरून उचलून सिलिकात टाकला. बाकीचा झुबका झाकणातल्या पाण्यात सोडला. तो पसरला. कोरा जाड कागद त्याच्या खाली सरकवून, एका बाजूने हळूहळू वर उचलायचा असतो. पाणी निथळतं आणि वनस्पती कागदावर राहते. घरी स्वयंपाकघरातल्या परातीत मेघा धागे सुईने सारखे करायची आणि कागद मी धरायचो. योगिनीने सुई घेतली. कागद माझ्याकडे आला.

हात घट्ट राहिला. कागद वर आला. त्यावर एक तपकिरी झुबका, प्रत्येक धागा वेगळा.

आम्ही उजेड असेपर्यंत वाडीत पोहोचलो. मोहोळांखालून जाताना मी सगळ्यात हळू चाललो.

शिमग्यानंतर योगिनीचा फोन आला. त्या एका धाग्याची जनुकं मेघाच्या पहिल्या वाचनाशी जुळली होती, अक्षराला अक्षर. जात नवी होती, आणि आता तिला शरीर होतं.

"लेखात पहिल्या चित्राबद्दल लिहावं लागेल," ती म्हणाली. "मी मोघम लिहू शकते."

"मोघम नको. चित्र दुसऱ्या जातीचं होतं असं सरळ लिही. तिने स्वतः तेच लिहिलं असतं, आणि तुझ्या आधी."

"आणखी एक आहे. मला जातीला मॅडमचं नाव द्यायचं होतं. पण लेखात त्या पहिल्या लेखिका असतील तर ते नाव देता येत नाही. स्वतःचं नाव स्वतःच्या शोधाला देत नाहीत. लेखिका म्हणून नाव काढलं तर देता येईल. तुम्ही सांगा."

मी फोन कानाला लावून अंगणात फेऱ्या मारत होतो. वनस्पतीला तिचं नाव, किंवा कामावर तिचं नाव.

"काम तिचं आहे," मी म्हणालो. "ते तिच्या नावावर राहू दे. जातीला वाडीचं नाव दे."

हे सांगायला मी हेदवाडीला गेलो. वाल निघाला होता. काळूराम गोण्या उचकटून बंधारा मोकळा करत होता. तळहातांवर नवी कातडी आली होती.

"आमच्या वाडीचं नाव? शेवाळाला?"

"लॅटिनमध्ये. हेदवाडेन्सिस."

"येन्सिस कशापाय?"

"तशी पद्धत आहे."

त्याने ते दोनदा म्हणून बघितलं आणि पलीकडच्या माणसाला हाक मारून सांगितलं. तो माणूस म्हणाला, "शेवाळाला नाव दिलं, रस्त्याला कधी देनार?"

घरी गीताबाईने चहा टाकला होता. "उभ्यानं नाय देनार," ती म्हणाली. घोंगडी अंथरलेली होती. मी बूट काढले आणि बसलो. चहा झाला. तिने भाकरी वाढली, वालाचं बिरडं वाढलं. ते खाल्लं. काळूराम ओहळावरून आला, हात धुऊन शेजारी बसला आणि त्याच्या भाचीच्या लग्नाचं काहीतरी सांगायला लागला. लांबलचक होतं. मी शेवटपर्यंत ऐकलं.